नकाराची भाकर

डोळखांबच्या पुढे डांबर संपतं आणि भिमाबाईंचं राज्य सुरू होतं, असं शहापुरात म्हणत. राज्य म्हणजे एक उपकेंद्र: दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत वजनाचा काटा आणि भोवती डोंगरात विखुरलेले सहा पाडे. या सहा पाड्यांत सोळा वर्षांत भिमाबाईंना कुणी 'नाय' म्हटलेलं नव्हतं. म्हणावंसं पुष्कळांना वाटलं असेल, पण ते वाटणं गळ्यातून वर चढायच्या आत बाईंची सुई दंडात शिरलेली असायची.

बाई सरकारी नर्स. उंची पाच फूट, आवाज सात. त्यांच्या बोलण्यात प्रश्नचिन्ह नसायचं. 'सुई घेतेस का?' असं त्या कधी विचारत नसत. "दंड," एवढंच म्हणत. 'दवाखान्यात येशील का?' नाही, "ऊठ." पोलिओच्या दिवशी एखादी आई पोराला लपवायची, तर बाई उंबऱ्याबाहेरूनच सांगायच्या, "कणगीच्या मागं बसवलंयस ना गो? काढ बाहेर. मी काय कणगीला पाजायला आलेय?" पोर खरोखर कणगीच्या मागून निघायचं. बाईंना कसं कळतं यावर पाड्यावर दोन मतं होती. एक मत असं की त्यांना दिसतं. दुसरं असं की सहाही पाड्यांत लपायला दुसरी जागाच नाही.

टार्गेटच्या काळात कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या कॅम्पाला सगळ्यात जास्त बायका आणल्याबद्दल त्यांना तालुक्याचं प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. शहापूरच्या घरात ते भिंतीवर होतं. बाबासाहेबांच्या फोटोच्या पुष्कळ खाली, पण नवऱ्याच्या फोटोच्या वर. नवरा बुधाजी एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्याची या क्रमाबद्दल तक्रार नव्हती. निदान त्याने ती कधी बोलून दाखवली नव्हती.

तर अशा भिमाबाईंकडे २००१ साली, गणपती उठल्यावर, जीपमधून डॉक्टर दीप्ती उतरली.

दीप्ती आसनगावची पोरगी. मुंबईत डॉक्टरकी शिकलेली आणि तिथल्याच एका मोठ्या दवाखान्याच्या अभ्यासावर लागलेली. अभ्यास साधा होता. गरोदर बायकांचं रक्त वाढवायला लोहाची गोळी रोजच द्यावी लागते, की आठवड्यातून दोनदा दिली तरी पुरते, ते बघायचं. कुणाला रोज आणि कुणाला दोनदा, ते चिठ्ठी उचलून ठरायचं. बाळंतपणापर्यंत तीन वेळा दंडातून चमचाभर रक्त काढून तपासायचं. निदान वीस बायका हव्या होत्या, आणि त्या मिळाल्या तर दर पंधरा दिवसांनी डॉक्टरची जीप उपकेंद्रावर येणार होती.

या शेवटच्या वाक्यावर भिमाबाईंनी वर पाहिलं.

"दर पंधरा दिवसांनी? तुमी स्वतः?"

"मी स्वतः. आणि आलेच आहे म्हटल्यावर, रांगेत जो उभा असेल त्याला तपासूनच जाणार."

बाईंनी फक्त मान हलवली. त्या कशाचा विचार करत होत्या हे दीप्तीला कळायचं कारण नव्हतं. आदल्या वर्षी बोरपाड्यावर रखमी घरीच बाळंत झाली होती. रक्त थांबेना. बाईंनी चार गडी लावून डोली केली, ओहोळ ओलांडला, डांबरापर्यंत आणली. पण शहापूर यायच्या आत रखमी गेली. गरोदर असताना ती अंगाने कागदासारखी पांढरी पडली होती, आणि सहा महिन्यांत तिच्या पापणीखाली एकाही डॉक्टरने बोट लावून पाहिलं नव्हतं; कारण डोळखांबच्या पुढे डॉक्टर येतच नव्हते. बाईंनी वर सात अर्ज केले होते. आता आठवा न करताच डॉक्टर दारात उभी होती. ती परत जाता कामा नये. एवढंच.

"वीस ना?" बाई म्हणाल्या. "मंगळवारी या."

मंगळवारी दीप्ती अकराला पोचली तेव्हा पडवीत सव्वीस बायका ओळीने बसल्या होत्या आणि सव्वीस फॉर्मांवर सव्वीस अंगठे उठले होते. शाई वाळलेलीसुद्धा. बाई हात पुसत उभ्या होत्या, पंगत उठवलेल्या यजमानासारख्या.

दीप्तीने पहिल्या ओळीतल्या तानीला जवळ बोलावलं. तानी एकोणीस वर्षांची, पाचवा महिना. चेहरा असा फिकट की तोंडाला पीठ लागलंय असं वाटावं.

"ताई, कशाला बसलात तुम्ही इथे?"

"बायनी बस म्हटला, बसलू."

"आणि अंगठा?"

"बायनी दे म्हटला, दिला."

"कशासाठी ते सांगितलं का?"

"रक्ताचा कायतरी." तानीने बाईंकडे चोरून पाहिलं. "रक्ताचाच ना, बाय?"

"नाही म्हटलं तरी चालतं, हे सांगितलं का तुम्हाला?"

"कोनाला नाय म्हनायचा?"

"बाईंना."

तानी आधी दीप्तीकडे बघत राहिली, मग पदर तोंडात कोंबून हसायला लागली. तिच्या मागे दुसरी हसली, मग तिसरी. अख्खी पडवी हसली. डॉक्टरीणबाई मोठी गमतीची निघाली, असंच सगळ्यांना वाटलं.

दीप्ती हसली नाही. तिने सव्वीसच्या सव्वीस फॉर्म फाडले.

सोळा वर्षांत भिमाबाईंची वाचा बसल्याची ही पहिली वेळ. ती फार टिकली नाही. बायका गेल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, मी बायका आणल्या तर तुमी फॉर्म फाडले. माणसं अंगठ्याला घाबरतात इकडं. जमिनीला अंगठा, जंगलखात्याला अंगठा. मी होते म्हणून दिले."

"म्हणूनच तर फाडले. सिस्टर, त्यांनी गोळीला हो नाही म्हटलं, तुम्हाला म्हटलं. इथे आधी सगळं सांगायचं आणि मग विचारायचं. ऐच्छिक आहे हे."

'ऐच्छिक' हा शब्द फॉर्मवरही होता: 'सदर अभ्यासातील सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून...' भिमाबाईंना तो शब्द शाळेच्या पेपरातून माहीत होता. तिथे ऐच्छिक प्रश्न असायचे आणि बाईंनी तेही सगळे सोडवलेले असायचे.

"आणि," दीप्ती जरा भीतभीत म्हणाली, कारण बाई तिच्या आईच्या वयाच्या होत्या, "विचारताना त्यांच्याकडे असं बघू नका."

"कसं?"

"हे आत्ता बघताय ना, असं. निम्म्या बायका तुमच्या डोळ्यांनाच हो म्हणतात."

जाताना तिने खरी गोष्ट सांगितली. पुढच्या मंगळवारी बायका समजून-उमजून आल्या तर ठीक. नाहीतर अभ्यास मुरबाडकडच्या केंद्राला द्यायचा, असं वरून ठरलंय. म्हणजे जीपही मुरबाडला.

त्या दिवशी बाई घरी गेल्या आणि भाकरी थापता थापता सगळं बुधाजीला सांगितलं. तो ऐकत राहिला. मग गंभीर चेहरा करून म्हणाला, "म्हणजे आता माणसांना नाय म्हणायची परवानगी मिळणार?"

"हो."

"कधीपासून? म्हणजे मी आपलं विचारतो. लग्नाला बावीस वर्षं झाली."

"तुम्हाला नाय. ती फक्त गरोदर बायकांना आहे," भिमाबाई म्हणाल्या आणि भाकर तव्यावर अशी टाकली की तव्याने आवाज केला.

दुसऱ्या दिवसापासून त्या पाड्यापाड्यावर गेल्या. दीप्तीने सांगितलं होतं तसंच बोलल्या. आवाज पाच फुटांवर आणला, डोळे जमिनीवर ठेवले आणि प्रत्येक घरात म्हणाल्या, "हे बघा, तुमची मर्जी. नाय म्हणलंत तरी चालंल. मी रागवायची नाय."

परिणाम भयंकर झाला.

पोलिओच्या वेळी बाईंनी मर्जी विचारली नव्हती. धनुर्वाताच्या सुईला नाही, हिवतापाच्या कडू गोळ्यांना नाही. जे जे चांगलं ते ते बाईंनी दटावून घशात घातलं होतं. आता बाई खाली मान घालून 'तुमची मर्जी' म्हणतात, म्हणजे यात कायतरी भलतंच असणार, हे सहा पाड्यांना एका दुपारीत कळून चुकलं. बोरपाड्यावर कुणी म्हणालं की रक्त मुंबईला विकायचंय. दुसऱ्या पाड्यावर बातमी होती की बाईंची नोकरी गेली.

तोंडावर मात्र सगळ्या गोड बोलल्या. "येऊ ना, बाय. येऊ. मंगळवारी ना? येऊ." सव्वीस घरांतून सव्वीस 'येऊ' घेऊन बाई खूश होऊन परतल्या.

सोमवारी संध्याकाळी त्या सहज बोरपाड्यावर डोकावल्या, तर एकही गरोदर बाई घरात नव्हती. कोण मावशीकडे गेलेली, कोण रानात. भात पोटरीत आलेलं, रानात काडीचं काम नाही, पण सगळ्या रानात. तानीच्या ओट्यावर तिची सासू गोजर एकटी नाचणी पाखडत बसली होती.

"तानी कुठंय?"

"रानात."

"या दिवसांत रानात काय करते?"

"येऊ बोलली ना ती तुमाला? मंग रानातच जानार," गोजर सूप न थांबवता म्हणाली. "तुमी सोळा वर्सं हितं हाव, नि 'येऊ'चा अर्थ नाय कळला? दारात आलेल्याला तोंडावर नाय कसा म्हनायचा गो? 'येऊ' म्हनायचा नि जायाचा नाय."

भिमाबाई मटकन ओट्यावर बसल्या. त्यांना 'येऊ'चा अर्थ माहीत नव्हता, कारण त्यांच्यासाठी त्याचा अर्थ कायम 'येऊ' असाच झाला होता. न येणाऱ्याला त्या घरातून उचलून आणत.

"मग विचारू कसं तुम्हाला?" बाई म्हणाल्या. गोजरने सूप खाली ठेवलं. बाईंच्या तोंडून खराखुरा प्रश्न तिने बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता.

"पोरीची मागनी घालतात तशी इचारायची."

"म्हणजे?"

"मागनीकर येतो. ओट्यावर बसतो, आत जात नाय. नि पयली पोराची खोट सांगतो. दारू पितो तर पितो म्हनायचा. पाय अधू तर अधू. खोट लपवली नि लगनानंतर कळली तर पोरीची मावशी वहाना घेऊन मागनीकराच्या दारात. तवा खोट आधी. मंग गुन. नि त्या दिशी त्यानं चा घ्यायचा नाय, उठून जायाचा. घर बसून ठरवतो, पोरीला इचारतो. दुसऱ्या खेपेला तो आला का, चा आला तर हो."

"आणि नाय असेल तर?"

"भाकर."

"भाकर कशाला?"

"नाय म्हनायचा तर मानसाला उपाशी कसा धाडायचा? दुस्मनी थोडीच हाय. पन भाकर आली का खायाची. टाकली तर राग धरला म्हनायचा." गोजरने पुन्हा सूप उचललं. "तुमाला जमंल का पन? तुमाला खोट सांगता येत नाय. तुमची सगली औषधा गुनाचीच."

मंगळवारी रिकाम्या पडवीत दीप्तीला बाईंनी सरळ सांगितलं, "आठ दिवस द्या. मला मागणी घालायचीय." दीप्तीने सगळं ऐकलं, हसली, आणि वर काय सांगायचं ते सांगून आठ दिवस आणले. एकच शंका तिने विचारली: "मग फॉर्मवर मी काय लिहू, चहा दिला?"

"चहा झाल्यावर अंगठा. आणि मग तुमी परत विचारा त्यांना, काय समजलं ते. मी बाहेर बसते."

बाई पुन्हा सहा पाडे फिरल्या. ओट्यावर बसल्या. आणि आधी खोट सांगितली.

"गोळीनं शी काळी होईल. घाबरायचं नाय, पण होईल. मळमळेल. एखादीला उलटी होईल. दंडातून तीनदा रक्त काढायचं, एवढं." पिशवीतून त्यांनी घरचा चहाचा चमचा काढून दाखवला. "दुखेल थोडं. रोज गोळी का आठवड्यातून दोनदा, ते चिठ्ठीवर. तुमाला निवडता येणार नाय. मलाही नाय. यात नसलीस तरी सरकारी गोळी, सुई, बाळंतपण, सगळं आहे तसंच मिळणार. मधूनच सोडलंस तरी मिळणार."

"पन दोनातली बरी कंची, बाय?" प्रत्येक घरात कुणीतरी विचारायचंच.

इथे भिमाबाईंना दरवेळी घसा खाकरावा लागे. "मला ठाऊक नाय," त्या म्हणत. "डॉक्टरला पण ठाऊक नाय. तेच बघायचंय."

सहा पाड्यांत खळबळ उडाली ती याची. काळ्या शीचं कुणाला काही वाटलं नाही. पण 'मला ठाऊक नाय' हे भिमाबाईंच्या तोंडचं वाक्य ऐकायला दुसऱ्या घरची माणसंसुद्धा ओट्यापाशी येऊन उभी राहू लागली. एक म्हातारा तर दोन घरं मागोमाग आला, पुन्हा ऐकायला मिळेल म्हणून.

चहा न घेता बाई उठायच्या. चहाशिवाय सहा पाडे चालणं ही काय शिक्षा आहे ते ज्याने त्यांना घरी पाहिलंय त्यालाच कळेल. बुधाजीने पाहिलं होतं. तो चार दिवस जपून वागला.

तीन दिवस सोडून दुसरी खेप. पहिल्या घरी चहा आला. दुसऱ्या घरी चहा. तिसऱ्या घरी बाई बसल्या, आत खुसफूस झाली, आणि बाहेर आली ती भाकर. नाचणीची, वर सुक्या जवळ्याची चटणी. बाईंनी भाकरीकडे पाहिलं, मग डोळे वर नेणार होत्या ते आठवून खालीच ठेवले आणि खायला लागल्या. घर श्वास रोखून बघत होतं. भाकर संपली, बाईंनी हात धुतले आणि म्हणाल्या, "बरं." मग नेहमीच्या सरकारी गोळ्यांचं पाकीट काढून त्या बाईच्या हातात ठेवलं. "या रोज घे. जेवल्यावर."

बाई ओहोळापर्यंत पोचायच्या आत बातमी पुढच्या पाड्यावर गेली: नाय म्हटला तरी बाय खाते.

मग माणसांना धीर आला. दोन दिवसांत एकवीस घरी चहा झाला आणि चार घरी भाकर. चौथी भाकर खाताना बाईंच्या लक्षात आलं की सहाही पाड्यांना 'नाही' म्हणायला शिकवत फिरणाऱ्या आपण, आपल्याला मात्र ताटातल्या भाकरीला 'नको' म्हणता येत नाही.

शेवटचं घर गोजरचं.

याच ओट्यावर सोळा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, त्यांना पाणी वरून ओतून द्यायला गोजर तांब्या घेऊन आली होती. भिमाबाईंनी ओंजळ पुढे केली नव्हती. तहानेल्याच उठून गेल्या होत्या. पुढे गोजरच्या थोरल्या लेकीचं अडलेलं बाळंतपण त्यांनी सोडवलं, आणि दुसऱ्या दिवशी तांब्या हातात आला. दोघींपैकी कुणीही त्यावर कधी बोललं नव्हतं.

आता आतून तानी आली. हातात ताटली. ताटलीत भाकर.

एकवीस झाल्या होत्या. वीस हव्या होत्या. जीप नक्की होती. तरी भिमाबाईंचा हात ताटलीकडे लगेच गेला नाही. कारण सव्वीसांत सगळ्यात पांढरी होती ती तानी.

"का गो?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे, सांगायलाच पाहिजे असं नाय."

तानी खांबाला टेकली. "रखमी माझ्या शेजारी राहायची. तिचा रक्त कसा गेला ते मी बघितलाय. मी चमचा काय, कायच देनार नाय."

भिमाबाईंकडे उत्तरं होती. तीन होती आणि तिन्ही बिनतोड. काढलेलं रक्त दोन दिवसांत भरून येतं. रखमीचं तसं झालं ते तिचं कुणी तपासलं नव्हतं म्हणूनच. आणि तुझं तर सगळ्यांत आधी तपासायला पाहिजे. तिन्ही उत्तरं जिभेवर आली. त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडून तोंडात घातला, आणि तीन उत्तरं गिळायला पाचवी भाकर पूर्ण लागली.

"बरं," त्या म्हणाल्या.

पाकीट दिलं. चार पावलं गेल्या आणि वळल्या. "मंगळवारी डॉक्टर येईल. अभ्यासाला नको येऊस. नुसती ये. यायचं असलं तर."

"येऊ," तानी म्हणाली.

भिमाबाईंनी डोळे मिटले. आता त्यांना 'येऊ'चा अर्थ कळत होता.

मंगळवारी जीप आली. दीप्तीने एकेकीला आत घेतलं, दार लोटलं, आणि विचारलं. बायकांनी काळी शी, मळमळ, चमचा, चिठ्ठी, सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. एकीने तर वर सांगितलं, "नि बायला पन ठाऊक नाय बरी कंची." हे दीप्तीने फॉर्मवर लिहिलं नाही, पण ती ते कधी विसरलीही नसावी. एकवीस अंगठे उठले. भिमाबाई बाहेर पायरीवर बसून होत्या.

एक वाजता रांग संपली. बाईंनी ओहोळाकडची वाट पाहून घेतली, मग उगाच वजनाचा काटा पुसला, मग पुन्हा वाट पाहिली. दीप्ती सामान आवरायला लागली तेव्हा गोजर आली. तिच्या मागे, पाच पावलं अंतर ठेवून, तानी.

"ही अभ्यासातली नाय," बाई लगेच म्हणाल्या.

"माहीत आहे," दीप्ती म्हणाली. तिने तानीची पापणी खाली ओढून बघितली आणि ती गंभीर झाली. "तानीबाई, अभ्यासाचं राहू दे. तुमच्यासाठीच विचारते. बोटाला टोचून एक थेंब बघू का? नको असेल तर नको."

तानीने भिमाबाईंकडे पाहिलं. सोळा वर्षं सहा पाड्यांनी जसं पाहिलं होतं, तसंच.

भिमाबाईंनी मान फिरवली आणि खिडकीबाहेरच्या सागाकडे बघायला लागल्या. साग नेहमीसारखाच होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण बाई त्याची पानं मोजत असल्यासारख्या उभ्या राहिल्या.

मग तानीचा आवाज आला.

"बाय रागावली हाय का? बोलत नाय कायच."

"नाय गो," भिमाबाई सागालाच म्हणाल्या. "तुझं तू बघ."

बांगड्या वाजल्या.

"एक थेंब हां, डॉक्टरीनबाय," तानी म्हणाली. "चमचा नाय."